एकट्याचा व्यवसाय आणि यंत्रबुद्धीचा गुमास्ता

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा विषय शोधण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. गेल्या वर्षभरात माझ्याकडे कामानिमित्त आलेल्या बहुतेक व्यापारी बंधूंनी, बोलणे संपल्यावर उठता उठता, एकच प्रश्न विचारला आहे. "साहेब, नोटिशीचे उत्तर आता मोबाईलच लिहून देतो म्हणतात. मग आम्ही तुमच्याकडे यायचे ते कशासाठी?" प्रश्न थट्टेच्या सुरात विचारला जातो, परंतु तो थट्टेचा नाही. विचारणाऱ्याच्या पैशाचा त्यात जसा संबंध आहे, तसा माझ्या पोटापाण्याचाही आहे.

मी कर-सल्लागार म्हणून गेली तीस वर्षे एकट्याने काम करीत आलो आहे. एक खोली, एक टेबल, फायलींचे दोन कपाट आणि दुपारपर्यंत येणारा एक मदतनीस, एवढाच माझा संसार. सांप्रत त्यात आणखी एकाची भर पडली आहे. तो पगार मागत नाही, रजा घेत नाही, आणि रात्री अकरा वाजता हाक मारली तरी तत्काळ उत्तर देतो. हा नवा गुमास्ता म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र होय. त्याची स्तुती करावी किंवा निंदा करावी असा माझा हेतू नाही. आपण व्यापारी लोक. कोणत्याही गोष्टीची पारख करावयाची तर तिचा जमाखर्च मांडून पाहावा, ही आपली रीत. तीच येथे अनुसरली आहे.

यंत्राची घडण

अमेरिकेतील ओपन-एआय या संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट-जीपीटी हे साधन लोकांसाठी खुले केले. त्यानंतर गूगलचे जेमिनी, अँथ्रॉपिकचे क्लॉड अशी आणखी साधने आली. त्यांच्या मुळाशी असलेली रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली एका निबंधात प्रसिद्ध केली होती. तिचे गणित आपल्याला नको. परंतु तत्त्व समजून घेणे अवघड नाही.

जुन्या पेढ्यांवरील पत्रव्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की, 'आपले कृपापत्र पावले' एवढे लिहून झाले की कारकुनाचा हात आपोआप 'मजकूर कळला' असे पुढे लिहीत असे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावयाचा हे त्या हाताला सवयीने ठाऊक झालेले असे. ते पत्र खरोखर आले होते किंवा नाही, त्यातला मजकूर कोणी वाचला होता किंवा नाही, हा प्रश्न त्या हाताला पडत नसे. हे यंत्र म्हणजे असा एक हात होय. फरक इतकाच की, त्याने एका पेढीची दप्तरे वाचलेली नसून पुस्तके, वर्तमानपत्रे, कायदे, निवाडे आणि संकेतस्थळे यांतील अफाट मजकूर वाचला आहे. त्या वाचनातून कोणत्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा हिशेब ते करते, आणि एकेक शब्द मांडीत उत्तर रचते.

म्हणूनच त्याची भाषा गुळगुळीत असते. आणि म्हणूनच त्याच्या बोलण्यातील आत्मविश्वासावरून त्याच्या बोलण्यातील सत्याची पारख करता येत नाही. आपल्याकडे अनोळखी माणूस चाचरत बोलला तर आपण सावध होतो. हा गुमास्ता कधीच चाचरत नाही.

जमेची बाजू

प्रथम त्याचे श्रेय त्याला देऊ. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याची खरी अडचण ज्ञानाची नसते, वेळेची असते. मुद्दे डोक्यात तयार असतात, पण ते ओळीने मांडून पत्र सिद्ध करण्यात दुपार निघून जाते. हे काम यंत्र काही क्षणांत करते. मी मुद्दे सांगतो, ते कच्चा मसुदा देते, आणि मी तो खोडून दुरुस्त करतो. कोऱ्या कागदापुढे बसण्यापेक्षा खराब मसुद्यापुढे बसणे सोपे जाते, हा अनुभव लिहिणाऱ्या प्रत्येकास आहे.

दुसरा उपयोग भाषेचा. आपल्या सीमाभागात एकाच फायलीत कानडी नोटीस, इंग्रजी आदेश आणि मराठी खतावणी सुखाने नांदतात. ज्यांचे शिक्षण मराठीत झाले अशा वडीलधाऱ्या व्यापाऱ्याला कानडी सरकारी पत्राचा आशय त्याच दिवशी त्याच्या भाषेत सांगता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी त्यासाठी भाषांतरकाराची वाट पाहावी लागे आणि कित्येकदा मुदतीतील चार दिवस त्यातच जात.

तिसरा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या पेढीत एकाने लिहिलेले दुसरा वाचतो आणि शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी हरकत काढतो. एकट्याला असा शेजार नसतो. म्हणून उत्तर तयार झाले की मी यंत्राला सांगतो, "तू अधिकारी आहेस असे समज, आणि या उत्तरातील कच्चे दुवे दाखव." दहा हरकतींपैकी सात निरर्थक असतात. उरलेल्या तिनांपैकी एखादी अशी निघते की, ती माझ्या ध्यानात आली नव्हती हे मला मुकाट्याने कबूल करावे लागते.

नावेची बाजू

आता दुसरे पान उलटू. पहिला दोष म्हणजे कल्पित आधार. निवाड्याचा उल्लेख कसा असतो याचा साचा यंत्राला उत्तम अवगत आहे: दोन पक्षकारांची नावे, वर्ष, खंड, पृष्ठ. तो साचा भरण्यासाठी खरा निवाडा हाताशी नसला तर ते नवा निवाडा रचते, आणि त्याला आपण काही खोटे केले याची जाणीवही नसते. न्यूयॉर्क येथे एका विमान प्रवाशाने गुडघ्याला झालेल्या दुखापतीबद्दल कंपनीवर दावा लावला होता. त्यात तीस वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या वकिलाने यंत्राकडून मिळालेले सहा निवाडे न्यायालयापुढे ठेवले. ते सहाही अस्तित्वात नव्हते. वकिलाने यंत्रालाच "हे खरे आहेत ना?" असे विचारले होते, आणि यंत्राने "होय" म्हटले होते. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी २२ जून २०२३ रोजी पाच हजार डॉलरांचा दंड ठोठावला.

हे परदेशात घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. डिसेंबर २०२४ मधील एक आदेश, त्यात नमूद केलेले निवाडे अस्तित्वातच नाहीत असे आढळल्यामुळे, आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठास मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीची कर-आकारणी रद्द केली. कारण आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले निवाडे कोठेही सापडत नव्हते. यंत्राने दिलेले निष्कर्ष पडताळल्याविना वापरू नयेत, अशी समज न्यायालयाने त्या वेळी दिली. म्हणजे ही चूक कर देणाऱ्याच्या बाजूने होते तशी कर घेणाऱ्याच्या बाजूनेही होते. हातात पडलेल्या आदेशातील आधार तपासून पाहणे हे आता सल्लागाराचे नवे कर्तव्य झाले आहे.

दुसरा दोष शिळेपणाचा. यंत्राचे वाचन एका ठरावीक तारखेपर्यंतचे असते. आपल्याकडील कायदे तर पंचांगाप्रमाणे बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी जाऊन ५ आणि १८ टक्के हे मुख्य दर राहिले, व मोजक्या वस्तूंना ४० टक्के दर लागला. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यात जुनी कलमे नव्या क्रमांकांखाली गेली. ज्याचे वाचन त्यापूर्वी थांबले तो गुमास्ता जुनाच दर आणि जुनेच कलम ठामपणे सांगेल. काही यंत्रे आता संकेतस्थळे धुंडाळून उत्तर देतात हे खरे. तथापि सापडलेले पान नवे की जुने, सरकारी की कोणा उत्साही लेखकाचे, हा विवेक अखेर आपल्यालाच करावा लागतो.

तिसरा दोष हांजी-हांजीचा. १९६१ च्या कायद्यातील कलम ४३बी (एच) आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत रक्कम चुकती करावी. मुदत चुकल्यास तो खर्च प्रत्यक्ष रक्कम दिली त्याच वर्षी मिळतो. एका सभासदाचा प्रश्न होता की, माल देणारा स्वतः उत्पादक नसून घाऊक व्यापारी असेल तर काय? मी यंत्राला विचारले. त्याने सांगितले, "तरतूद लागू होते." मी लिहिले की, जुलै २०२१ च्या सरकारी पत्रकाप्रमाणे व्यापाऱ्यांच्या उद्यम नोंदणीचा लाभ केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरता मर्यादित आहे. लगेच क्षमा मागून ते म्हणाले, "आपले म्हणणे बरोबर आहे, तरतूद लागू होत नाही." मग परीक्षा पाहण्यासाठी मी पुन्हा उलट बाजू मांडली. त्याने पुन्हा क्षमा मागितली आणि पुन्हा मान डोलावली. जो गुमास्ता मालकाच्या दोन्ही म्हणण्यांना होकार देतो, त्याची साक्ष कोणत्या पंचापुढे ठेवावी?

चौथी बाब गुप्ततेची. आपल्या वहीत काय आहे हे व्यापारी सख्ख्या भावाला सांगणार नाही, पण सल्लागाराला सांगतो. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमात अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला आहे, आणि वकिलांना साक्ष्य कायद्याने असेच बंधन घातले आहे. यंत्राच्या खिडकीत जे टंकले जाते ते आपल्या खोलीतून निघून कोणा दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाते. सॅमसंग कंपनीच्या काही नोकरांनी आपल्या कामातील गोपनीय मजकूर असाच यंत्राला दिल्याचे उघडकीस आल्यावर कंपनीने मे २०२३ मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर अशी साधने वापरू नयेत अशी सूचना काढली. जी काळजी सरकार आपल्या कागदांची घेते, ती मी आपल्या रोजमेळाची घेऊ नये काय?

बारा गुंठ्यांची गोष्ट

येथवर इतरांच्या चुका सांगितल्या. एक माझीही सांगणे न्यायाचे होईल.

गतवर्षी एका जुन्या अशिलाच्या घरी वाटणीचा प्रसंग आला. थोरला भाऊ निवर्तलेला, त्याची पत्नी आणि दोन धाकटे दीर यांच्यात समजुतीने वाटणी व्हावयाची होती. दुकान, घर, दागिने व जमीन यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. जमिनीचे कागद कानडीत. दिवसभराच्या कामाने मी थकलो होतो. नावे झाकून मी उताऱ्यातील मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतला, यादीत उतरवला, आणि बेरजा जुळल्या म्हणून समाधानाने झोपलो.

दुसरे दिवशी सर्व मंडळींपुढे यादी वाचू लागलो. "जमीन दोन पूर्णांक वीस शतांश एकर" असे शब्द तोंडून निघताच कोपऱ्यात बसलेल्या अक्का म्हणाल्या, "थांबा साहेब. आमचं रान अडीच एकराचं. मधले बारा गुंठे कुणी खाल्ले?"

मी चपापलो. उताऱ्यात '२.२०' असे लिहिलेले होते. आपल्याकडील उताऱ्यात टिंबाच्या डावीकडे एकर आणि उजवीकडे गुंठे असतात, हे मला तीस वर्षे ठाऊक आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हा दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, अर्थात शंभर गुंठे. यंत्राने ते टिंब दशांश चिन्ह समजून घेतले आणि शंभराचे अठ्ठ्याऐंशी गुंठे केले. बेरजा जुळल्या याचे कारण इतकेच की, चुकीचा आकडा सर्व पानांवर सारखाच चुकलेला होता.

अक्कांना इंग्रजी येत नाही, कानडी वाचता येत नाही. परंतु त्या रानात त्यांनी तीस पावसाळे काढले होते. यंत्राने अफाट वाचले होते. त्या बांधावर मात्र ते कधी उभे राहिले नव्हते. आणि मी, ज्याला ही गोष्ट ठाऊक होती, त्या रात्री केवळ टंकलेल्या स्वच्छ कागदावर विसंबलो. त्या चार भिंतींत कोणी मला दोष दिला नाही. धाकटे दीर हसले देखील. परंतु अक्का त्या दिवशी आल्या नसत्या, आणि पुढे केव्हातरी दिरांपैकी कोणाच्या मनात 'हे जाणून झाले' असा संशय शिरला असता, तर एक घर कायमचे दुभंगले असते. कागदावर सही माझी होती.

मी पाळतो ते नियम

त्या दिवसापासून मी काही नियम लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत.

१. अशिलाचे नाव, पॅन, खाते क्रमांक, जीएसटी क्रमांक व उलाढाल यंत्राला द्यावयाची नाही. प्रश्न 'अ' व 'ब' असे पक्ष कल्पून विचारावयाचा. आणि आपल्या कामात यंत्राची मदत घेतली जाते हे अशिलाला आधी सांगावयाचे. त्याला ते नको असेल तर घ्यावयाची नाही.

२. प्रत्येक कलम, दर, तारीख व निवाडा मूळ ठिकाणी, म्हणजे राजपत्रात, खात्याच्या किंवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर, स्वतः उघडून पाहावयाचा. सापडला नाही तर तो कितीही सोयीचा असला तरी खोडावयाचा.

३. आकडेमोड यंत्राच्या वाक्यांवर सोडावयाची नाही. आकडे मूळ कागदावरून स्वतः उतरवावयाचे. एकर-गुंठे, लाख-कोटी आणि तारखा यांवर दुसऱ्यांदा नजर टाकावयाची. कारण परकी मापे ज्याच्या सवयीत आहेत तो येथेच घसरतो.

४. रात्री तयार झालेल्या मसुद्यावर सकाळी वाचल्याविना सही नाही.

५. सहीपूर्वी मजकूर अशिलापुढे त्याच्या भाषेत मोठ्याने वाचावयाचा. हा नियम मला अक्कांनी शिकवला.

६. कोणत्या कामात यंत्र वापरले आणि त्यात कोणती चूक सापडली याची एक वही ठेवावयाची. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण आखले, त्यातही यंत्राने निर्णय देण्यास मनाई करून वापराची नोंद ठेवण्यास सांगितले आहे. नोंद ठेवल्यावाचून कोणता गुमास्ता कोणत्या कामाचा, हे मालकाला कळणार तरी कसे?

फीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लिहिण्याचे काम यंत्राने केले तर फी कसली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. जेथे यंत्रामुळे माझे श्रम खरोखर वाचतात, उदाहरणार्थ नोटिशीचा आशय समजावून देणे, तेथे मी आकार कमी केला आहे. वाचलेल्या वेळाचा लाभ एकट्या सल्लागारानेच ठेवून घ्यावा हे व्यापारी नीतीला धरून नाही. परंतु उत्तर देणे, आणि ते चुकले तर त्याला जबाबदार राहणे, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुनावणीच्या दिवशी यंत्र हजर राहत नाही. त्याला दंड होत नाही, आणि पेठेतून जाताना त्याला मान खाली घालावी लागत नाही. आपण फी देता ती या दुसऱ्या वस्तूची.

याच कारणास्तव, आपल्या तरुण मुलांनी नोटिशीचे उत्तर यंत्राकडून लिहवून परस्पर धाडू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सुंदर भाषेत लिहिलेल्या उत्तरात नकळत दिलेली एक कबुली पुढे अपिलात निस्तरताना नाकी नऊ येतात. मुलांनी यंत्राला अवश्य विचारावे. परंतु 'या नोटिशीत काय मागितले आहे, आणि सल्लागाराकडे जाताना कोणते कागद न्यावे' एवढेच विचारावे. त्यात त्यांचे शिक्षणही होईल आणि माझा वेळही वाचेल.

सल्लागाराला मात्र सभासदांनी निःसंकोचपणे तीन प्रश्न विचारावेत: आमच्या कामात आपण हे यंत्र वापरता काय? आमची कोणती माहिती त्याला देता? आणि त्याने दिलेले कोण पडताळतो? जो सल्लागार या प्रश्नांनी रागावेल त्याच्याविषयी विचार करावा.

जुन्या पेढ्यांवर गुमास्ता कितीही विश्वासू असला तरी संध्याकाळी मालक स्वतः रोकड मोजून शिल्लक मेळवीत असे. त्यात गुमास्त्याचा अपमान नव्हता आणि मालकाचा कमीपणाही नव्हता. पेढीचे नाव मालकाचे होते, एवढेच त्याचे कारण. हा नवा गुमास्ता हुशार आहे, अखंड राबणारा आहे, आणि त्याला कामावर ठेवण्यास हरकत नाही. तिजोरीची किल्ली मात्र आपल्याच कमरेला असू द्यावी.